रविवारी ती गाडी काढू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. गाडी तपासणीत नापास झाली आणि तपासणाऱ्याने मुद्दाम खोट काढली, असं तुझं म्हणणं. तरीही रविवारी काकूंना घेऊन तू त्याच गाडीने निघणार आहेस, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

गेल्या महिन्यात माझीही गाडी नापास झाली. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा फारच कमी लागत होता. मीही वाद घातला, रोज चालवतो, मला कधी काही जाणवलं नाही म्हणालो. त्या माणसाने ब्रेक तपासायच्या रोलरवरचे दोन्ही चाकांचे आकडे समोर ठेवले. गॅरेजमध्ये चाक उतरवल्यावर कारण दिसलं. ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे ओढत होती आणि माझे हात नकळत स्टिअरिंग सावरून घेत होते. किती महिने, कोण जाणे. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारावा लागला असता तर सावरायला तेवढा वेळ मिळाला नसता. मागच्या सीटवर माझी मुलं बसतात रे. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आता तुझा तपासणीचा कागद. टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यात, प्ले (ढिलेपणा), पुढचा डावा टायर आतल्या कडेला गुळगुळीत, हेडलाइटचा झोत फार वर. टायर बदलून मोकळा होतो, असं तू लिहिलंस. तसं करू नकोस. टायर खाल्ला जातोय तो बहुतेक त्या टाय रॉड एंडमुळेच. तो सांधा सैल झाला की चाक सरळ राहत नाही, तिरकं घासत चालतं आणि एकच कड झिजते. नवा टायरही तसाच जाईल. आणि चालत्या गाडीत सांधा निखळला, तर तू स्टिअरिंग फिरवशील पण ते चाक वळणार नाही. म्हणून आधी टाय रॉड एंड, मग पुढचे दोन्ही टायर जोडीने, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ जुळवून घेणं.

विश्वास बसत नसेल तर गॅरेजमध्ये गाडी वर उचलायला सांग आणि चाक डावी-उजवीकडे धरून हलव. खटखट हाताला लागेल. वर-खाली धरूनही हलवून बघ. तिथे प्ले निघाला तर चाकाचं बेअरिंग किंवा चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट तपासावा लागेल. टायरच्या खाचांत तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला. पण बाहेरून बघून फसू नकोस, स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय आतली कड दिसत नाही.

हेडलाइटचं काम किरकोळ आहे. फक्त सेटिंग करताना डिकी रिकामी कर आणि टायरमधली हवा बरोबर ठेव, मागचा भाग दबला की उजेड वर जातो.

कागदावर नाही, तरी ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते विचार. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही, पण पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर पेडल थेट तळाला जातं.

बदललेले जुने भाग मागून घे, स्वतः हातात धरून बघ. मी त्या पिना बघितल्या आणि माझा राग तिथेच गेला.

रविवारी माझी गाडी घेऊन जा. दुरुस्त होऊन मागच्या आठवड्यात पास झाली आहे. शनिवारी संध्याकाळी मीच आणून देतो, नाही म्हणू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश