‘हुबेहूब’ ऑर्गनच्या आवाजाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: नऊ ड्रॉबारच्या (सुरातील थर कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांच्या) कीबोर्डमधील ऑर्गनच्या आवाजातील दोष व रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी हा कीबोर्ड 86,500 रुपयांना घेतला. खोक्यावर ‘टोनव्हील ऑर्गनचा हुबेहूब आवाज’ असं छापलंय. ‘हुबेहूब’ या एका शब्दावर मी पैसे मोजले आणि माझी तक्रारही त्याच शब्दाबद्दल आहे.

माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, पायानं भाता मारायचा तो. टोनव्हील ऑर्गनशी, म्हणजे फिरत्या चकत्यांतून सूर काढणाऱ्या विजेवरच्या हॅमंडशी, त्याचं नातं नावापुरतंच, पण वाद्यात जीव आहे की नाही हे ओळखणारा कान मला तिथेच मिळाला. मी स्वतः 22 वर्षं कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो.

1935 साली बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये पोलादी चकत्या अखंड फिरत असतात. त्याच्या बी-3 या मॉडेलमध्ये त्यांतून 91 सूर निघतात. पट्टी दाबल्यावर सूर जन्माला येत नाही, तो आत चालूच असतो, पट्टी फक्त त्याला वाट करून देते. म्हणून कितीही पट्ट्या धरा, सूर तुटत नाही. आपल्या कीबोर्डवर नऊही ड्रॉबार पूर्ण ओढून दोन्ही हातांत चार-चार सूर धरले, की आठवा सूर लागताच डाव्या हातातला खर्ज गायब! पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या, 64 लिहिली आहे. एकेका पट्टीला नऊ ड्रॉबारच्या नऊ जागा लागत असतील तर सात पट्ट्यांतच 63 संपल्या. हे घेण्याआधी कुणी सांगितलं नाही.

पर्कशनचंही, म्हणजे सुराच्या सुरुवातीला येणाऱ्या ठोक्याचंही, तेच. बी-3 वर तो ठोका सगळ्या पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्या सुरालाच येतो, सूर जोडून वाजवले तर पुढच्यांना येत नाही. इथे प्रत्येक सुराला टक्‌टक्‌ होते.

सगळ्यात जास्त खटकली ती लेस्लीची, म्हणजे हॅमंडला जोडतात त्या फिरत्या स्पीकरची, नक्कल. खऱ्या लेस्लीत वेग वाढवला की वरचा भोंगा पटकन पळू लागतो आणि खालचा जड ड्रम मागून सावकाश वेग घेतो. छताचा पंखा तरी बटण दाबल्याबरोबर पूर्ण वेगात येतो का? आपल्या कीबोर्डवर येतो. मुखड्याच्या शेवटी आवाज चढत जाण्याऐवजी एकदम दुसराच होतो. गणपतीतल्या कार्यक्रमात आमच्या गायिकेनं वळून माझ्याकडे पाहिलं, ते मला फार लागलं.

इचलकरंजीच्या मित्राच्या जुन्या नॉर्ड इलेक्ट्रो 3 या कीबोर्डशेजारी आपला कीबोर्ड ठेवून, एकाच अँपवर, पहिले तीन ड्रॉबार 8 वर (पूर्ण ओढून) आणि बाकीचे बंद ठेवून दोन्ही वाजवले. नॉर्डवर खरे ड्रॉबारही नाहीत, नुसती बटणं आणि दिवे आहेत. तरी ठोका आणि वेग दोन्ही बरोबर येतात. म्हणजे हे जमतं.

आपल्या प्रतिनिधीनं फोनवर सांगितलं, ‘सामान्य श्रोत्याला फरक कळत नाही.’ श्रोत्यांबद्दल असं बोलू नये. आमच्या गावचा श्रोता पैसे देऊन ऐकतो आणि सूर चुकला तर तोंडावर सांगतो.

हे तिन्ही दोष दूर करणारं अपडेट 15 दिवसांत द्यावं, नाहीतर कीबोर्ड परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तसं न झाल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिलाची प्रत आणि दोन्ही कीबोर्डचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर