उजनीच्या टक्केवारीशेजारी भीमाशंकरचा पाऊसही छापा

महोदय,

जून लागला की आपल्या अंकात मी आधी ‘उजनी किती टक्के’ हीच चौकट शोधतो. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे उजनी वजामध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेली की पिंपे कमी पडू लागतात. दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढल्याचे वाचले की जीव भांड्यात पडतो. पण दौंडला हे पाणी येते कुठून, हे मी स्वतः कधी बघितले नव्हते.

गेल्या श्रावणात भीमेच्या उगमाला, भीमाशंकरला गेलो. दर्शन उरकून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. पाऊस थांबून तास होऊन गेला होता, तरी झाडे गळतच होती. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. भिजलेल्या सोलापुरी चादरीवर पाय द्यावा तसे टाच रुतली की पाणी वर यायचे. तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा एकदम खाली न सोडता मुरवून, ओढ्या-झऱ्यांतून हळूहळू देण्याचे काम हे सदाहरित, निमसदाहरित जंगल करते. ते तुटले की पाण्याआधी माती येते. ११७ टीएमसीच्या उजनीत मृतसाठाच (तळाचे, दारांतून सोडता न येणारे पाणी) ६३ टीएमसी. त्यात गाळाची भर किती घालायची? (पुण्याचे सांडपाणी हा वेगळ्या पत्राचा विषय.)

वर्षावन म्हटले की आपल्याला अ‍ॅमेझॉन आठवते. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिले, की ते जंगल आपला जवळपास निम्मा पाऊस स्वतःच तयार करते. पानांतून उडालेली वाफ पुन्हा पाऊस होऊन पडते आणि वारा ती दूर दक्षिणेकडच्या शेतीपर्यंतही नेतो. २०१४ मध्ये साओ पावलोसारख्या महानगरावर धरणातला मृतसाठा उपसण्याची वेळ आली होती. ती केवळ जंगलतोडीमुळे आली असे म्हणता येणार नाही, पण मृतसाठ्याचा अर्थ सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सोलापुरातच झाडे लावा. रस्त्याकडेला, शाळेत जरूर लावा. पण सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान हे माळढोक या दुर्मिळ पक्ष्याचे घर. तिथे खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे एक निसर्ग मोडून दुसऱ्याचे सोंग आणणे. वर्षावन इथे होणार नाही. जे सह्याद्रीत आहे ते टिकले पाहिजे.

पश्चिम घाटावरचा पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला, २०१२ मध्ये ‘युनेस्को’ने घाटाला जागतिक वारसा ठरवले. पुढे संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांवर मसुदे निघत राहिले. हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा सोलापुरातून किती जातात? तो कोकणवाल्यांचा आणि पुणेकरांचा प्रश्न, असे समजून आपण गप्प बसतो.

म्हणून एक विनंती. उजनीच्या चौकटीत भीमाशंकरला किती पाऊस झाला, तोही आकडा द्यावा. आणि घाटातल्या जंगलाबाबत हरकतींची मुदत जाहीर झाली, की ती तारीख सोलापूर आवृत्तीतही ठळकपणे छापावी.

— एक वाचक, जुळे सोलापूर