येळवसेची भज्जी पुण्यात करायची तर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

येळवसेला यंदा सुट्टी नाही, मित्रांना बोलावून खोलीवरच भज्जी करतो, कशी करायची ते सांग, असं तू म्हणालास. ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. तू मध्येच ‘किती ग्रॅम’ विचारतोस आणि मी अडखळते. म्हणून लिहून पाठवते. मित्रांना आधीच सांग की येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आपला सण, आणि भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, घोटलेली भाजी, नाहीतर लातूर-धाराशिवकडची नसलेली पोरं तळणाची वाट बघत बसतील.

भज्जीला माप नाही, कारण इथं तिचं सामान कुणी यादी करून आणत नाही. मार्गशीर्षाच्या अमावस्येला रानात जे हिरवं असेल ते तिच्यात पडतं. तुरीचे ओले दाणे, पावटा, वाटाणा, भिजवलेले शेंगदाणे. मेथी, आंबटचुका, कांद्याची पात, एखादं गाजर. आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे, ते मात्र हवेतच. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब धरते, पहाटे दवातून चाललं की पाय चुणचुणतात, तीच ती. आजी अजून रात्री हरभऱ्यावर धडपा पसरते आणि सकाळी पिळून आंब बाटलीत भरते, पोटदुखीवर म्हणून. मी शेंडे पाठवतेच आहे, पण वाटेत सुकले तर आंबटचुका वाढव. पालकावर भागवू नकोस, त्याला तो आंबटपणा नाही.

आधी सगळे दाणे शिजवून घे, मग बारीक चिरलेला पाला त्यात टाक. मऊ झालं की पळीनं घोट, पण दाणे दिसले पाहिजेत, त्यांचं पिठलं करू नकोस. चिंचेच्या कोळात बेसन कालवून, गुठळ्या मोडून ओत, आणि तिथून पुढं हात थांबवू नकोस, बेसन तळाला धरतं. वरून सढळ तेलाची फोडणी: ठेचलेला अख्खा लसणाचा गड्डा, हिरव्या मिरच्या, जिरं, हळद. बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत बारीक आचेवर रटरटू दे. भांडं मोठं घे, दुसऱ्या दिवशीची शिळी भज्जी जास्त चांगली लागते.

आंबील आदल्या रात्री करायची. ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोड, पातळ शिजव आणि पूर्ण निवल्यावरच ताक घाल, नाहीतर ताक फाटेल. मग वाटलेलं आलं-लसूण, जिरं, मीठ. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, आंबायला पाहिजे. उंडे सोपे आहेत: बाजरीच्या पिठात मीठ, लसूण, जिरं घालून गरम पाण्यानं मळ आणि गोळे करून इडलीच्या भांड्यात वाफव.

विकतच्या भाजीची येळवस खरी का, असंही तू विचारलंस. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीचा हिवाळा आठव. रानात हरभरा उगवलाच नव्हता. आजीनं बाजारातून पावशेर-पावशेर भाजी आणायला लावली, कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी केली, पाच दगडांचे पाच पांडव मांडले आणि काळ्या आईला त्याच भज्जीचा नैवेद्य दाखवला. मग तुझी मंडईतली भज्जी खोटी कशी? नैवेद्य तेवढा आधी काढ, पोरांना ताटं नंतर वाढ.

बाकी इकडं गारठा चांगलाच आहे. थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची, त्यामुळं अण्णा मफलर बांधून, बॅटरी घेऊन मध्यरात्री पाणी द्यायला जातात आणि पहाटे येऊन चुलीला चिकटतात. मध्ये दोन-तीन दिवस आभाळ आलं होतं, घाटेअळीची भीती वाटत होती, पण निवळलं. ज्वारी पोटऱ्यात आहे. पत्र्याखाली झोपायचं म्हणजे रात्री अंगावर गार पाणी ओतल्यासारखं होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर आजोबांनी मातीचं छप्पर, म्हणजे माळवद, उतरवून पत्रे टाकले. माळवदाखाली किती ऊब असायची, हे आजी दर थंडीत सांगते. पुन्हा घालू म्हटलं की मात्र तीच नको म्हणते. 1993ची ती रात्र तिनं पाहिलीय, तिला काय सांगणार.

गिझर पाठवतो म्हणालास, तो नको. भाकरी होईपर्यंत चुलीच्या बाजूच्या वैलावर हंडा आपोआप तापतो आणि गेल्या वर्षीच्या तुराट्या अजून ढीगभर आहेत. सध्या बाजरीचीच भाकरी चालू आहे. संक्रांत झाली की ज्वारीवर येऊ. हुरडाही त्याच सुमाराला लागेल, तेव्हा दोन दिवस काढून ये. येळवसेची सुट्टी आपल्या जिल्ह्यापुरती असते, पुण्यातल्या साहेबाला ती काय कळणार, पण हुरड्याला शनिवार-रविवार पुरतो.

उद्याच्या एसटीनं पिशवी पाठवते. तुरीच्या शेंगा, दोन्ही पिठं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले शेंडे. गाडी पोचली की लगेच स्टँडवर जा, संध्याकाळपर्यंत ठेवू नकोस. पिठाचे स्टीलचे डबे परत पाठव. मागचेही तुझ्याचकडं आहेत.

तुझी,
आई