गुहेत पाणी भरलं की बाहेर नाही, वर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गुहेतल्या पुराबद्दलचा लेख वाचला. लेखाची भाषा छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या पिवळ्या चौकटीबद्दल. लोक लेख वाचत नाहीत, चौकट वाचतात आणि तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. या चौकटीतली पहिलीच सूचना: ‘पाणी वाढू लागताच न घाबरता, कमरेला दोर बांधून, तातडीने गुहेच्या तोंडाकडे परतावे.’ यातलं ‘न घाबरता’ तेवढं बरोबर आहे.

आपल्याकडच्या माणसाला पूर माहीत आहे तो सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, मग तासातासाला आकडे, आणि तोवर माळ्यावर पोती चढवायला एखादी रात्र तरी मिळते. गुहा म्हणजे नरसाळ्याची नळी. वरच्या माळावर लांब कुठेतरी सर कोसळते, तिथलं सगळं पाणी एका भेगेत शिरतं आणि आत पोटरीएवढं असलेलं पाणी बघता बघता छातीला लागतं. तोंडाशी तेव्हा लख्ख ऊनही असू शकतं. आठवडाभर पाऊस होऊन जमीन आधीच तुडुंब असली, तर साध्या सरीनेही हेच होतं. म्हणून आभाळ बघायचं ते गुहेवरचं नाही, पाणलोटावरचं.

आता ‘तोंडाकडे परतावे’. तोंडाकडची वाट ही बहुतेक वेळा ओढ्याचीच वाट असते. तिच्यात एक जरी ठेंगणी जागा असली, जिथे येताना सरपटत आलात, तर सगळ्यात आधी तीच छतापर्यंत भरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही. जून 1967 मध्ये इंग्लंडात यॉर्कशरच्या मॉसडेल गुहेत सहा जण जिवानिशी गेले, ते असेच अरुंद, सरपटी वाटांमध्ये.

आणि कमरेचा दोर! वाहत्या पाण्यात दोर ताणला की बांधलेला माणूस तरंगत नाही, दोरच त्याला पाण्याखाली दाबून धरतो. ओली गाठ ताणाखाली सुटत नाही. विहिरीसारख्या उभ्या गुहेत दोर लागतोच, पण तो पाण्याच्या धारेत सोडायचा नसतो. बाजूच्या कोरड्या कातळात बोल्ट मारून, टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधत तो धारेपासून लांब न्यायचा असतो. एका टप्प्यावर एका वेळी एकच माणूस चढतो. म्हणजे आठ जणांच्या चमूत शेवटचा माणूस खाली किती वेळ ताटकळणार, याचा हिशेब उतरण्याआधी करायचा. धारेखाली दोरावर अडकलेला माणूस थंडीने आणि नाकातोंडात जाणाऱ्या पाण्याने लवकरच निपचित होतो.

मग करायचं काय? वर चढायचं. तोंड कुठल्या दिशेला आहे हा प्रश्न नंतरचा. पाणी गढूळ झालं, फेस किंवा पाला वाहून आला, वाऱ्याचा झोत अचानक बदलला, लांबून घरघर ऐकू आली, भिंतीवरचा ठिबका धार झाला, यातलं एक जरी दिसलं तरी चर्चा बंद. उंचावरची कोरडी कपार किंवा पाण्याने फार पूर्वीच सोडलेला वरचा बोगदा गाठायचा. जागा पुरेशी उंच आहे का, हे गुहाच सांगते. छताच्या फटीत काटक्या, पाला, प्लास्टिक अडकलेलं असेल किंवा भिंत धुतल्यासारखी स्वच्छ असेल, तर पाणी तिथवर येतं. जुनी कोरडी धूळ असेल, तर तिथे बसा. या खुणा आत जातानाच बघून ठेवायच्या असतात. पाणी आल्यावर शोधायला उजेड आणि डोकं दोन्ही पुरत नाहीत.

बसल्यावर खरा वैरी थंडी. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पटींनी ओढतं, म्हणून आधी पाण्यातून पूर्ण बाहेर. सुती कपडे काढून पिळायचे. उघड्या खडकावर न बसता दोराच्या वेटोळ्यावर किंवा पिशवीवर बसायचं, गुडघे छातीशी घेऊन, एकमेकांना चिकटून. डोक्यावरून चंदेरी पन्नी घ्यायची, ती नसेल तर कचऱ्याची मोठी काळी पिशवी तोंडापुरती फाडून. ही पिशवी हेल्मेटच्या आत घडी करून मावते आणि किमतीला काहीच नाही. आपल्या लेखातल्या सामानाच्या यादीत सेल्फी स्टिक होती, ही नव्हती. प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे हवेत, आणि थांबल्यावर सगळ्यांत मिळून एकच चालू.

चौकटीत ‘शेकोटी पेटवावी’ असंही आहे. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली होती, तिथे आग नसतानाही हवेतला प्राणवायू 21 टक्क्यांवरून 15 टक्क्यांपर्यंत उतरला होता. तुम्ही तिथे लाकडं जाळायला सांगता. ‘श्वास रोखून बुडी मारून पलीकडे जावे’ ही सूचना कुणी लिहिली ते कळलं तर बरं होईल. पाण्याने भरलेला बोगदा किती लांब आहे, पलीकडे डोकं वर काढायला जागा आहे का, गढूळ पाण्यात यातलं काही दिसत नाही. त्याच थाम लुआंगमध्ये 6 जुलै 2018 रोजी एक सराईत पाणबुड्या जिवाला मुकला, आणि त्याच्यापाशी सिलिंडर होता.

ती बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक वाचले, कारण परतीची वाट बंद झाल्यावर ते उलट आत, उंच जागी गेले आणि बसून राहिले. गढूळ पाण्याला तोंड न लावता कातळावरून ठिबकणारं पाणी प्यायले. 2 जुलैला ते सापडले.

याला अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. सप्टेंबर 2018 मध्ये जॉर्जियाच्या अबखाझिया भागातल्या, 2200 मीटरहून खोल वेर्योव्किना गुहेत पाणी खालून वर चढत आलं. तळाजवळ मुक्काम असलेली मंडळी बसून राहिली असती तर बुडाली असती. सामान तिथेच टाकून ती दोरांवरून वर सुटली आणि वाचली. नियम तिथेही ‘वर’ हाच होता.

लेखात ‘महाकाय पंपांनी पाणी उपसून मुलांना बाहेर काढले’ असंही वाक्य आहे. सांगली जिल्ह्यात छापल्या जाणाऱ्या कागदावर हे वाचून हसावं की रडावं कळेना. जमिनीवर ठेवलेला पंप प्रत्यक्षात सातेक मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, हे आपल्याकडे विहिरीत मोटर खाली उतरवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. डिझेल इंजिन गुहेत नेता येत नाही, धुराने माणसंच मरतील. विजेचा पंप न्यायचा तर केबल, आणि पाइप लांबला की घर्षणातच दाब संपतो. येणारं पाणी उपशापेक्षा जास्त असेल, तर पातळी हलतच नाही. म्हणून थाम लुआंगला वरच्या डोंगरातले ओढेही वळवावे लागले. उपशाने तोंडाकडच्या भागातलं पाणी उतरलं, तेवढा भाग चालता आला. पुढचं काम 8 ते 10 जुलै असे तीन दिवस पाणबुड्यांनीच केलं. उपशाचा सल्ला द्यायला आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या पंप कंपनीचे तज्ज्ञ तिथे गेले होते, चार पंप वाडीच्या कारखान्यात विमानाने धाडायला सज्ज ठेवले होते. त्याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही!

लेखासोबतच्या फोटोबद्दल बोलत नाही, तो कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांचा आहे. ती लेणी माणसांनी डोंगरात उंचावर कोरलेली आहेत. तिथे पूर यायचा तर आधी अख्खं कऱ्हाड बुडावं लागेल. आपला कातळ बेसाल्टचा. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मेघालयासारख्या खोल गुहा आपल्याकडे नाहीत. पण साताऱ्याकडच्या घळी आणि नाळा पावसाळ्यात अगदी असंच वागतात, आणि नेमक्या त्याच लेखाखाली ‘जुलैत घळीतून पाण्याचा थरार, जेवणासह’ ही जाहिरात आहे. मेघालयातल्या मोहिमासुद्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, जुलैत नाही. घळीत उतरणाऱ्याने निदान ‘इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर 112 ला फोन कर’ एवढं घरी लिहून ठेवावं. आत मोबाइल लागत नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको. त्याच जागी, त्याच पिवळ्या रंगात हवी. आणि एक विनंती: मागच्या पत्राची काटछाट करताना आपण आकडे काढून विशेषणं ठेवली होती. या वेळी उलट करावं.

कळावे,
एक नियमित वाचक,
पलूस (जि. सांगली)