न्हाऊ घालणाऱ्या मावशींना, जाहीर आभार

मावशी,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काहीतरीच तुमचं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

तुमचं माझं ठरलं होतं ते बाळाची अंघोळ आणि माझं अंग चोळणं, एवढंच. लंगोट, नाचणी, गुरगुट्या भात यातलं काहीच त्या पैशांत बसत नव्हतं.

"डायपर सोडा" असं तुम्ही कधी म्हणालाच नाहीत. बाथरूममधली गच्च भरलेली पिशवी पाहून एकदा एवढंच म्हणालात, "माझी जाऊ कचरा गोळा करते. हे कागदात गुंडाळून, लाल ठिपका मारून देत जा, नाहीतर तिला हाताने वेगळं काढावं लागतं." पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई लाल ठिपक्याचं कधीपासून सांगतायत. 2016 च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्या असंच होतं. पण नियम वाचणं वेगळं आणि तुमच्या जाऊबाईंचा हात डोळ्यांसमोर येणं वेगळं. लाल ठिपका त्याच दिवशी सुरू झाला, आणि मग गुंडाळायची वेळच कमी यावी म्हणून लंगोट.

मी हौसेने मागवलेला कापडी डायपर तुम्ही उलटसुलट करून पाहिलात. बाहेर पाणी न झिरपणारं कापड, आत घडी, कडेला बटणं. "लंगोटच की. बटणं लावली नि किंमत वाढवली." तरी तो फेकू दिला नाहीत. आजेसासूबाईंची विरलेली सुती नऊवारी फाडून त्याच्या आतल्या घड्या तुम्हीच करून दिल्यात. नवं कापड चार धुण्यांतून काढल्याशिवाय शोषत नाही हे तुमच्याकडूनच कळलं. सुताला मुळात तेलकटपणा असतो, तो धुण्यातच जातो. कपडे मऊ करणारं वासाचं पाणी तर तुम्ही बंदच केलंत, त्याचा थर बसला की कापड पाणी धरत नाही. शीचा लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्याने डाग पक्का होतो. उरलेला पिवळेपणा गच्चीवरच्या उन्हावर सोडून द्यायचा. आणि कापड आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ओलं तसंच राहिलं तर त्यानेही पुरळ उठतंच.

पण खरी गंमत पहिल्या पाण्याची. घरकामाच्या ताई भांडी घासत होत्या, लंगोटांची बादली त्यांच्याकडे सरकायच्या बेतात होती, आणि तुम्ही ह्यांना हाक मारलीत. "दादा, बाळ तुमचंच ना? मग पहिलं पाणी तुम्ही काढायचं." ते आजतागायत काढतात. सासूबाईंना आधी कसंनुसं झालं, आता त्याच शेजारी कौतुक सांगतात.

आषाढात लंगोट वाळेनात. दोऱ्या, पंखा, शेवटी इस्त्री, सगळं झालं. तेव्हाही तुमचंच वाक्य कामी आलं. "रात्रीचं नि प्रवासाचं विकतचं घाला की. तपासायला कोण येतंय?" कापडी म्हणजे कापडीच असा हट्ट तुम्ही धरला असता, तर आठवड्याभरात मी सगळंच सोडून दिलं असतं.

सहा महिने पुरे झाले, उष्टावण झालं आणि मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. मोड आल्यावर खीर हाताला पातळ लागते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, आणि इवल्या पोटाला हेच हवं असतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे मी मागाहून वाचलं. तुम्ही फक्त "हाडाला धरते" म्हणाला होतात.

डाळीच्या पाण्यावरून मात्र तुम्ही माझ्या आईशीही वाद घातलात. "पाण्यात काय असतंय? डाळ द्या, घोटून. चमच्यावरून ओघळली नाही पाहिजे." बालरोगतज्ज्ञांनी नंतर अगदी हेच सांगितलं, तेव्हा आई गप्प बसली. मी जरा जास्तच हसले.

एका गोष्टीत आपलं जमलं नाही. तुम्ही मध चाटवा म्हणालात, मी नको म्हटलं. वर्षाच्या आत मधातून बाळाला बोटुलिझमचा धोका असतो, तो क्वचित होतो पण जिवावर बेततो. मला वाटलं, तुम्हाला राग येईल. तुम्ही नीट ऐकून घेतलंत, आणि पुढच्या घरी बाळंतिणीला स्वतःहून "मध नको हं" सांगितलंत, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. वर्षभर मीठ-साखर नाही यावर म्हणालात, "असू दे अळणी, त्याला कुठं ठाऊक मीठ म्हणजे काय."

बाळाची लहान मापाची दुपटी आणि लंगोट धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. तुमच्या पुढच्या घरी कुणाला हवे असतील तर घेऊन जा. वाढदिवसाला जेवायलाच या, जाऊबाईंनाही आणा. स्वयंपाक ह्यांचा आहे, तेव्हा चवीची हमी नाही.

तुमची,
बाळाची आई