मेगाब्लॉकचा तक्ता आणि पर्यायी मजकूर

महोदय,

काल, रविवारी सकाळी, हार्बर मार्गावरील मेगाब्लॉकची बातमी मी आपल्या संकेतस्थळावर ऐकली. ऐकली असे लिहितो, कारण मला दृष्टी नाही आणि संगणकावरचा मजकूर मला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. बातमीत ब्लॉक असल्याचे एक वाक्य होते आणि ‘सविस्तर वेळा खालील तक्त्यात’ असे दुसरे. तो तक्ता म्हणजे एक चित्र होते. त्याला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा शब्दांत सांगणारा, ज्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात तो, दिलेलाच नव्हता. चित्र मोठे करून पाहण्यासाठी दुवा मात्र जोडलेला होता, त्यामुळे स्क्रीन रीडरने फाइलचे नावच वाचायला घेतले. ‘आयएमजी’, मग आकड्यांची रांग आणि शेवटी ‘डब्ल्यूए शून्य शून्य एक सात’. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र नावही न बदलता चढवले गेले, एवढे मला त्यावरून कळले. कुर्ला ते वाशी गाड्या किती वाजता बंद होणार, हे कळले नाही. बहिणीकडे वाशीला जाण्यासाठी मी चेंबूर स्थानक गाठले, तेव्हा फलाटावरच्या उद्घोषणेतून गाड्या दुपारी चारनंतर सुरू होतील असे समजले आणि घरी परतावे लागले.

माझी पत्नी होती तोवर सकाळच्या चहाबरोबर आपला अंक ती मला मोठ्याने वाचून दाखवीत असे. छायाचित्र आले की थांबून सांगे, ‘हिंदमाताला पाणी गुडघ्यापर्यंत आहे, एक बाई मुलाला कडेवर घेऊन चालली आहे, मागे बेस्टची बस अडकली आहे.’ पर्यायी मजकूर म्हणजे याहून वेगळे काही नाही. आज आपल्या संकेतस्थळावर पावसाची दहा छायाचित्रे असली, तर दहाही ठिकाणी मला ‘मराठी बातम्या, ताज्या बातम्या, मुंबई बातम्या’ असेच ऐकू येते. हे शब्द शोधयंत्रासाठी भरले जातात, हे मी समजू शकतो; पण असे शब्द कोंबू नयेत, असे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात सांगते.

चित्र चढवताना त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहावे. ते केवळ शोभेचे असेल, तर पर्यायी मजकुराची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. तक्ता असेल, तर तो चित्र म्हणून देऊच नये, मजकूर म्हणून द्यावा. फाइलला ‘हार्बर-मेगाब्लॉक-कुर्ला-वाशी’ असे अर्थपूर्ण नाव द्यावे आणि तेही चढवण्यापूर्वीच, कारण मागाहून नाव बदलले की जुने दुवे तुटतात. चित्रांना पर्यायी मजकूर असावा, ही संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतील १९९९ पासूनची पहिलीच अट आहे. मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुगम्य स्वरूपात असावा यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये म्हटले आहे. आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. एका रविवारच्या तक्त्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. निधनवार्तांचा रकानाही आता छापील पानाचे कात्रण म्हणून, चित्राच्या रूपात चढवला जातो. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून माझ्या शेजारी बावीस वर्षे बसलेल्या सहकाऱ्याच्या निधनाची बातमी आपल्या संकेतस्थळावर होती. मला ती आठ दिवसांनी दुसऱ्याकडून कळली, तोवर शोकसभाही होऊन गेली होती.

पुढील मेगाब्लॉकचा तक्ता आणि निधनवार्तांचा रकाना हे दोन्ही मजकुराच्या स्वरूपात द्यावेत, अशी आपणास कळकळीची विनंती आहे.

– एक नियमित वाचक, चेंबूर, मुंबई