भाचा कुठे आहे, एवढंच कळावं म्हणून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एका रात्री दोन वाजता भारतातून माझ्या ताईचा फोन आला. "त्याला धरून नेलंय गं. रूममेटने कळवलं. कुठे नेलं ते त्यालाही माहीत नाही." तो म्हणजे माझा भाचा, वय २६, इथे अमेरिकेत शिकायला आलेला. त्याच्या व्हिसाच्या कागदांत घोळ होता, हे मी नाकारत नाही. त्याचा निर्णय कोर्ट करील. पण त्या रात्रीपासून पुढचे तीन दिवस आमचं मागणं एवढंच होतं, की तो कुठल्या इमारतीत आहे ते कळावं.

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत राहते. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. परदेशी लोकांना पकडून कोठडीत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘आइस’ या खात्याची ऑनलाइन शोधयंत्रणा २०१० पासून चालू आहे, ती कुणालाही विनामूल्य वापरता येते. तिथे शोधायच्या दोनच वाटा आहेत. एक ‘ए-नंबर’, म्हणजे त्या माणसाच्या फायलीचा क्रमांक. तो नऊ अंकी भरावा लागतो, आठच अंक असतील तर आधी शून्य लावायचं. कामाचा परवाना मिळालेल्यांच्या कार्डावर हाच क्रमांक ‘यूएससीआयएस नंबर’ म्हणून छापलेला असतो. आमच्याकडे तो नव्हता. भाच्याच्या खोलीत असेल तर असेल.

दुसरी वाट म्हणजे नाव आणि जन्मदेश. नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपली मराठी नावं इथे फार त्रास देतात. लक्ष्मण इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. वडिलांचं नाव कुठे पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कुठे गळालेलं असतं. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, त्यांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिलं नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. ताई तिकडून पासपोर्टच्या झेरॉक्सवरचं एकेक अक्षर वाचून दाखवत होती, मी इकडे भरत होते. चौदा तऱ्हा करून पाहिल्या. प्रत्येक वेळी नोंद नाही.

तिसऱ्या दिवशी एका वकीलबाईंनी विचारलं, "मुलाचा जन्म कुठला?" ताईचे यजमान तेव्हा मस्कतला नोकरीला होते, भाचा तिथेच जन्मला. पासपोर्ट भारताचा म्हणून आम्ही तीन दिवस ‘भारत’ निवडत होतो. ‘ओमान’ निवडलं आणि क्षणात त्याचं नाव समोर आलं, कोठडीच्या केंद्राच्या नावासकट. ताई फोनवरच रडायला लागली. मग म्हणाली, ते गाव कुठे आलं? मलाही ते नकाशात शोधावं लागलं. आखाती देशांत जन्मलेली आपली किती मुलं आज इथे आहेत! त्यांच्या आईवडिलांनी हे आजच लिहून ठेवावं, एवढ्यासाठी तरी हे पत्र छापा.

सीमेवरच्या खात्याने पकडलेला माणूस पहिले ४८ तास या यंत्रणेत दिसत नाही, आणि १८ वर्षांखालचं मूल तिथे शोधताच येत नाही. सापडलेला माणूसही तिथेच राहील याची शाश्वती नसते. जॉर्जटाऊन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना १७ मार्च २०२५ रोजी व्हर्जिनियात पकडलं आणि काही दिवसांत लुइझियानामार्गे टेक्ससला नेलं. कोर्टाच्या आदेशाने ते सुटले, तेव्हा १४ मे उजाडला होता. ठिकाण बदललं की बरंच काही बदलतं. अटक बेकायदा आहे म्हणून दाद मागायची, तर अर्ज साधारणपणे जिथे माणूस कोंडलेला आहे तिथल्याच संघीय कोर्टात करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. मदतीला येणारी भारतीय वकिलातही बदलते, न्यू जर्सीचा माणूस न्यूयॉर्कच्या कचेरीकडे, लुइझियानाचा ह्यूस्टनकडे. माणसाला असं दुसरीकडे हलवलं, की रेकॉर्डवरच्या वकिलाला २४ तासांच्या आत कळवावं असं ‘आइस’ची नियमावली म्हणते. घरच्यांना कळवणं मात्र त्या माणसावरच सोडलेलं आहे. म्हणून आधी वकिलाची रेकॉर्डवर नोंद करणारा ‘जी-२८’ फॉर्म भरून घ्या. इमिग्रेशनच्या कोर्टांत सरकार आपल्या खर्चाने वकील देत नाही, तो स्वतःच शोधावा लागतो.

माझी मागणी आपल्या परराष्ट्र खात्याकडे आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार पकडलेल्या परदेशी माणसाने मागितलं, तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवावं लागतं. ब्रिटन, चीन अशा पन्नासहून अधिक देशांच्या बाबतीत अमेरिकेवर हे बंधन मागणीशिवायच आहे, भारत त्या यादीत नाही. आपणही तसा करार करावा असं मला आधी वाटायचं. त्या वकीलबाईंनी लक्षात आणून दिलं, की आश्रय मागणाऱ्याला आपल्या सरकारला कळूच नये असं वाटत असतं, आणि त्याचा तो हक्क आहे. मला ते पटलं. म्हणून सक्ती नको. पण आईने फोन केला तर भारतीय वकिलातीत रात्रीही कुणीतरी उचलावा, तिच्याशी मराठीत, गुजरातीत, पंजाबीत बोलावं, आणि नाव-जन्मदेश घेऊन शोधाचं काम स्वतःच्या अंगावर घ्यावं. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानाने १०४ जणांना अमृतसरला उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांच्या घरी आधीच्या रात्री काय चाललं असेल, याचा विचार मी अजून करते.

परराष्ट्र खात्याचं तक्रारींसाठीचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे, तक्रार तिथेही टाकावी. पण अर्ज भरताना ताईचे हात थरथरत होते. तिला माणसाचा आवाज हवा होता.

भाच्याचं प्रकरण अजून कोर्टात आहे. कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी